सोक टेस्ट आणि रविवारची लांब धाव

आमच्या व्यवसायात लोड टेस्टला जितका मान मिळतो तितका सोक टेस्टला मिळत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. लोड टेस्टमध्ये थोड्या वेळात प्रचंड भार टाकून प्रणाली कुठे कोलमडते ते पाहतात. सोक टेस्टमध्ये भार रोजच्यासारखाच असतो, पण तो तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, अखंड चालू ठेवतात. पहिलीचे निकाल लगेच हाती येतात. दुसरीसाठी थांबावे लागते, आणि रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती वापरात आणण्याची, तारीख जवळ आली की नियोजनातून सर्वांत आधी तीच वगळली जाते. मी नेरुळहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ऐरोलीला कामाला जाणारा सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे आणि रविवारी पहाटे पाम बीच रोडवर लांब पल्ल्याचे धावतो. या दोन्ही ठिकाणी माझे एक मत पक्के होत गेले आहे, ते असे की काही दोष वेग वाढवून सापडत नाहीत, त्यांना वेळच द्यावा लागतो.

दर विनंतीमागे थोडीशी मेमरी अडकवून ठेवणारा कोड दहा मिनिटांच्या चाचणीत पूर्णपणे निर्दोष दिसतो. एखादी क्वचित येणारी त्रुटी हाताळताना डेटाबेसचे कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे सर्वांनी आळीपाळीने वापरायच्या मोजक्या कनेक्शनांच्या साठ्यात, परत करायचे राहून गेले, तर तेही पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. याचे सर्वांत भीषण उदाहरण आखाती युद्धातले आहे. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र-विरोधी प्रणाली सुमारे 100 तास सलग चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे, आणि 0.1 ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. 24 बिटांत ती छाटली गेल्यामुळे राहणारी अतिसूक्ष्म तूट साचत साचत सुमारे 0.34 सेकंदांवर पोहोचली, तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते, म्हणून प्रणालीने इराकचे येणारे स्कड चुकीच्या जागी शोधले, ते अडवले गेले नाही, आणि त्या हल्ल्यात 28 अमेरिकी सैनिक मरण पावले. प्रणाली थोड्या थोड्या वेळाने बंद-चालू होत असती तर ही तूट कधी जाणवलीही नसती. बोइंग 787 विमानाच्या जनरेटर नियंत्रकातला गणक 248 दिवस सलग वीज चालू राहिल्यास ओसंडतो, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेपलीकडे जातो, हे 2015 मध्ये उघड झाले. सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा 32 बिटांचा चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही संख्या धरणारा) गणक भरायला बरोबर तेवढेच दिवस लागतात.

धावण्यातही 10 किलोमीटरची धाव मॅरेथॉनविषयी फार थोडे सांगते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन तेवढ्या अंतरात संपतच नाही. ते साधारण 30 किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि आपला आहार पुरेसा होता का, याचे उत्तर तेव्हाच मिळते. बनियनची शिवण कुठे घासते, बुटात अंगठ्याला जागा कमी पडते का, हेही तिसऱ्या तासाशिवाय कळत नाही. वाशी ते बेलापूर हा रस्ता जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे एकच पेस, म्हणजे धावण्याची गती, धरून ठेवणे सोपे जाते. तरीही दमट हवेत घाम वाळत नाही, शरीरातले पाणी कमी होत जाते, हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीइतके रक्त पुढे जात नाही आणि त्याच पेसला नाडी हळूहळू चढत राहते. आमच्या गटातले एक निवृत्त काका म्हणूनच नवख्यांना विचारतात, “सरासरी पेस राहू दे, शेवटच्या पाच किलोमीटरला नाडी किती होती ते सांग.” माझ्या मते कोणत्याही प्रणालीबद्दल विचारावा असा हाच प्रश्न आहे.

घरातही हाच अनुभव येतो. ऑन-कॉलच्या, म्हणजे प्रणाली बिघडली की केव्हाही धावून जायच्या पाळीच्या, आठवड्यात रात्री एकदा उठावे लागले तर दुसऱ्या दिवशी विशेष काही बिघडत नाही. बायको मात्र म्हणाली, “सोमवारी तू ठीक असतोस. गुरुवारी तुला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते.” तिचे निरीक्षण इतके अचूक होते की आमच्या संघात ऑन-कॉलची पाळी निम्म्या आठवड्याची करावी असा आग्रह मी धरला, आणि ती तशी झाली.

रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट केला की लीकचा, म्हणजे मेमरी किंवा कनेक्शने अशी अडकत जाण्याचा, प्रश्न उरत नाही, असे म्हणणारे अनुभवी सहकारी आहेत आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. त्या विमानांबाबतही ठरावीक काळाने वीजपुरवठा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करण्याचाच तात्पुरता आदेश निघाला होता. परंतु तो आदेश काढता आला, कारण 248 हा आकडा हाती होता. आपली प्रणाली किती वेगाने गळते हे मोजलेच नसेल, तर रोजचा रीस्टार्ट पुरेसा आहे की नाही, हे कशाच्या आधारावर ठरवायचे? शिवाय सगळीकडे ही सोय नसते. मुंबई मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो, तेव्हा पाय नव्याने सुरू करता येत नाहीत.

पुढच्या रिलीजच्या बैठकीत मी एवढेच मागणार आहे : शुक्रवारी संध्याकाळी रोजच्या भाराची चाचणी सुरू करावी आणि सोमवारी सकाळी सर्वांनी मिळून मेमरीचा आणि खुल्या कनेक्शनांचा आलेख पाहावा. चाचणीचे सर्व्हर शनिवारी-रविवारी एरवी मोकळेच असतात.