मार्गशोधाची नोंद : भेट दिलेल्या नोडचा संच कोणाकडे?

ग्राफमधील, म्हणजे नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यातील, मार्ग शोधणारे रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारे) फंक्शन हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिण्याचे काम आता एका निश्चित टप्प्यावर आले आहे. कोणत्या नोडना भेट देऊन झाली याची नोंद ठेवण्यासाठी कोठूनही बदलता येणारे ग्लोबल व्हेरिएबल वापरायचे नाही, ही अट सुरुवातीपासून होती.

पहिल्या आवृत्तीत भेट दिलेल्या नोडचा संच फंक्शनला आर्ग्युमेंट (इनपुट) म्हणून मिळतो. शेजाऱ्याकडे वळताना चालू नोडची भर घातलेला नवा संच पुढे दिला जातो आणि जुना तसाच राहतो, त्यामुळे मागे फिरताना काहीही पुसावे लागत नाही. यात दर वेळी संपूर्ण संचाची प्रतही होत नाही. हास्केलमधील सेट हा समतोल वृक्ष असल्याने मुळापासून नव्या जागेपर्यंतचाच भाग पुन्हा बांधला जातो आणि उरलेला वृक्ष दोन्ही संचांत सामाईक राहतो. उत्तर म्हणून मार्गांची लेझी यादी मिळते, म्हणजे एकच मार्ग हवा असेल तर त्यापुढचा शोध होतच नाही.

या आवृत्तीची कसोटी बुद्धिबळातील घोड्यावर घेतली. ५ × ५ च्या पटावर कोपऱ्यातून निघून प्रत्येक घर एकदाच गाठणारे मार्ग ३०४ आले आणि ही संख्या ज्ञात उत्तराशी जुळते. कोपऱ्याशेजारच्या घरातून मात्र एकही मार्ग निघाला नाही, आणि तेच बरोबर आहे, कारण घोडा प्रत्येक चालीत घराचा रंग बदलतो आणि २५ पैकी १३ घरे कोपऱ्याच्या रंगाची असल्याने सुरुवातही त्याच रंगावरून व्हावी लागते.

मर्यादा दिसते ती वेगळ्या ग्राफवर. एका नोडपासून दोन वाटा फुटतात आणि पुढच्या नोडवर एकत्र येतात, अशा २० जोडण्या एकापुढे एक ठेवल्या, तर नोड होतात ६१, कडा ८०. पण पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतचे मार्ग होतात १०,४८,५७६. शोधायचा नोड या ग्राफमध्ये नसेलच, तर पहिली आवृत्ती हे सगळे मार्ग पालथे घालते, कारण संच फक्त खाली जातो आणि पहिल्या फांदीला जे कळले ते दुसरीपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत फंक्शन जोडी परत करते : सापडला असल्यास मार्ग, आणि वाढलेला संच. शेजाऱ्यांच्या यादीवर फोल्ड करताना, म्हणजे एकेक शेजारी घेत निकाल पुढे नेताना, एका शेजाऱ्याकडून आलेला संच पुढच्याला दिला जातो. त्याच ग्राफवर प्रत्येक नोड एकदाच उघडला जातो, म्हणजे ६१ नोडमध्ये काम संपते.

तरीही दुसरी आवृत्ती पहिलीची जागा घेऊ शकत नाही, कारण घोड्याच्या कोड्यात एका वाटेवर निकामी ठरलेले घर दुसऱ्या वाटेवर हवेच असते. ग्लोबल व्हेरिएबल असते तर हा फरक परतताना खूण पुसणाऱ्या एखाद्या ओळीत दडला असता; येथे तो फंक्शनच्या टाइपमध्येच, म्हणजे ते काय घेते आणि काय परत करते या वर्णनातच, वाचता येतो, आणि या शैलीचा मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो.

डेव्हिड किंग आणि जॉन लाँचबरी यांनी १९९५ मध्ये एसटी मोनाडच्या (बदल आतल्या आत बंदिस्त ठेवणाऱ्या हास्केलमधील रचनेच्या) आत बदलता ॲरे ठेवून बाहेरून शुद्ध राहणारा, म्हणजे बाहेर काहीही न बदलणारा, डेप्थ-फर्स्ट शोध (एका वाटेने शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा) मांडला होता. तो मार्ग वेगवान आहे, पण संचाचा प्रवास डोळ्यांसमोर राहावा म्हणून मी तूर्तास स्टेट मोनाडही (संच पडद्याआड पुढे नेणारी रचना) टाळला आहे. दुसऱ्या आवृत्तीचा मार्ग सर्वांत छोटा असेलच असे नाही. त्यासाठी रांग आणि संच दोन्ही आर्ग्युमेंट म्हणून घेणारा ब्रेड्थ-फर्स्ट शोध (जवळचे नोड आधी पाहणारा) लिहायला घेतला आहे.