रिडो कालव्यावरचा बर्फ

ऑटवा, कॅनडा, शनिवार, रात्र

आज रिडो कालव्यावर हिरवा झेंडा होता, म्हणजे बर्फ पक्का होता. डाऊज लेकच्या काठावर बसून स्केट्सच्या नाड्या घट्ट आवळल्या आणि बँक स्ट्रीटच्या पुलाखालून पुढे फिफ्थ ॲव्हेन्यूपर्यंत गेले. उन्हाळ्यात जिथून बोटी जातात तिथून हिवाळ्यात आपण स्वतःच्या पायांनी जातो, याचे मला इतक्या वर्षांनीही नवल वाटते. शहराच्या मधोमध ७.८ किलोमीटर लांबीची ही वाट सर्वांना विनामूल्य खुली असते. पाठीवर दप्तर टाकलेली मुले, ऑफिसातून घरी निघालेली माणसे आणि एकमेकांचा हात धरून सावकाश सरकणारी वृद्ध जोडपी इथे एकाच वेळी दिसतात, आणि कोणालाही कोणाची घाई नसते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हा बर्फ केवळ थंडीची किमया आहे, पण ते खरे नाही. बोटींचा हंगाम संपल्यावर शरद ऋतूत कालव्याचे पाणी उतरवले जाते. पुढे पाणी गोठले की बर्फावर पडलेला भुसभुशीत हिम सतत हटवावा लागतो, कारण हिमाचा थर थंडीला खाली पोहोचू देत नाही आणि मग बर्फ जाड होत नाही. त्यानंतर रात्री बर्फाला भोके पाडून खालचेच पाणी पंपाने वर घेतात, ते पातळ पसरवतात, गोठू देतात आणि पुन्हा पसरवतात. यंत्रे आणि गर्दी पेलण्यासाठी साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा चांगला बर्फ लागतो. सध्या आई साताऱ्याहून आली आहे. तिला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "अगं, हे तर सारवणच झालं की, एक हात वाळला की दुसरा." मला तिचे म्हणणे अगदी पटले.

पुलाच्या अलीकडे एक लांब भेग होती, तिथे वाकून पाहिले. वरचे बोटभर पांढरट, धुरकट. त्याखाली काळसर पारदर्शक बर्फ आणि त्यात उभ्या रेषेत अडकलेले हवेचे बुडबुडे. हिम भिजून गोठला की पांढरा बर्फ होतो आणि तो कमी बळकट असतो. खरी ताकद त्या काळ्या दिसणाऱ्या बर्फाची. तापमान उतरले की बर्फ आकसतो आणि भेगा पडतात, तेव्हा पायाखालून खोल, घुमणारा आवाज येतो. आईने तो ऐकला आणि माझा दंड धरला. जाड बर्फाचा हा आवाज नेहमीचाच असतो, हे सांगूनही तिने थोडा वेळ हात सोडला नाही.

हा कालवा ब्रिटिश लष्करी अभियंता जॉन बाय यांच्या देखरेखीखाली १८२६ ते १८३२ या काळात खोदला गेला. ते काम करताना शेकडो मजूर दगावले, आणि त्यांतले कित्येक मलेरियाने, हे या गोठलेल्या मुलखात उभे राहून आठवले की मन अस्वस्थ होते. २००७ साली युनेस्कोने कालव्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. स्केटिंगची वाट मात्र १९७०-७१च्या हिवाळ्यातली आहे. राजधानीच्या परिसराची देखभाल करणाऱ्या नॅशनल कॅपिटल कमिशन या सरकारी संस्थेने ती सुरू केली तेव्हा सुरुवातीचा बर्फ माणसांनी फावड्यांनी आणि झाडूंनी साफ केला होता.

त्यानंतर २०२२-२३ चा हिवाळा असा आला की वाट एक दिवसही उघडली नाही. तसे पहिल्यांदाच घडले. त्या हिवाळ्यात मी काठावरून चालताना लाल झेंडा पाहत असे आणि शहराचा एक रस्ताच कोणी काढून घेतल्यासारखे वाटे. पुढच्या वर्षीही मोजकेच दिवस मिळाले. २०२५ च्या जानेवारीत कालवा पुन्हा खुला झाला तेव्हा काठावर जमलेल्या माणसांचा आनंद मी पाहिला आहे. हवामान बदलाविषयी एरवी कितीही वाचले तरी त्याची झळ मला या लाल झेंड्यानेच लावली. आता थंडीची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून रात्री पंप चालवणाऱ्या त्या माणसांच्या कामाची किंमत मला अधिक वाटते. ते कधी दिसत नाहीत. सकाळी दिसतो तो त्यांनी गुळगुळीत केलेला बर्फ.

उद्या दुपारी तापमान शून्याच्या वर जाण्याचा अंदाज आहे. तसे झाले तर पृष्ठभाग मऊ पडेल आणि कदाचित वाट बंदही करतील, म्हणून आईला सकाळी लवकर पॅटरसन क्रीकपर्यंत चालवत न्यायचे ठरवले आहे. तिच्या बुटांना चढवायचे काटेरी पट्टे आत्ताच दाराशी काढून ठेवले.