पंच्याण्णव टाका

पहिली आंघोळ, ३१ ऑक्टोबर २०२४. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी दारात पणत्या मांडत होते आणि फोन वाजला. नंबराच्या सुरुवातीला २६७, म्हणजे बोत्सवाना. आमच्या धंद्यात दिवाळीच्या संध्याकाळी परदेशातून येणारा फोन शुभेच्छांचा नसतो. हातातली काडेपेटी तशीच घेऊन मी जिन्यात गेले.

मी पुण्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत चौदा वर्षं आहे. झेंडा घेऊन चाळीस माणसं फिरवण्याचं काम दुसरे करतात. माझ्याकडे एकेका कुटुंबासाठी मापानं शिवलेल्या सहली असतात, आणि गेली काही वर्षं त्यात आफ्रिका जास्त. हे कुटुंब कोल्हापूरचं होतं, गुळाच्या अडतीतलं. आप्पांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती. ते आणि काकू, मुलगा-सून, त्यांची नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, लेक आणि जावई, अशी आठ माणसं. बजेट पाऊण कोटीच्या आसपास. एवढी फाइल आमच्याकडे वर्षातून एखादीच येते, त्यामुळे सर माझ्या टेबलाशी दिवसातून दोनदा यायचे आणि काहीच उपयोगाचं न बोलता जायचे.

मुलाला दिवाळीची सुट्टी, भरगच्च प्राणी आणि दुथडी भरलेला व्हिक्टोरिया धबधबा हे तिन्ही एकदम हवं होतं. ते मिळत नाही. ऑक्टोबरअखेर म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याचा कळस. पाऊस अजून यायचा असतो, लहान पाणवठे आटलेले असतात, म्हणून हत्ती-म्हशी नदीला चिकटून राहतात आणि प्राणी दिसतात ढिगानं. पण त्याच कारणानं धबधबा रोडावतो. झाम्बियाच्या बाजूला तर नुसता काळा कडा उरतो. त्यात ते वर्ष दुष्काळाचं. झाम्बियानं फेब्रुवारीतच राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. म्हणून मी मुक्काम झिम्बाब्वेच्या बाजूला ठेवला आणि स्वच्छ सांगितलं, की पाण्याची गर्जना ऐकायची तर एप्रिलमध्ये या. ओकावांगो म्हणजे बोत्सवानातल्या नदीचा दलदलीचा त्रिभुज प्रदेश, त्याचं गणित आणखी उलटं. पाऊस पडतो अंगोलात, ते पाणी महिनोन् महिने सरकत बोत्सवानात पोचतं, आणि जून ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत तिथं पूर असतो. नकाशाकडे बघून कुणालाही हे सुचणार नाही.

मार्ग मी असा लावला: दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्याला लागून असलेल्या साबी सँडमध्ये तीन रात्री, जोहान्सबर्गला एक, तिथून विमानानं बोत्सवानातलं माउन गाव आणि ओकावांगोच्या कॅम्पवर तीन, मग चोबे नदीकाठी दोन आणि शेवटी धबधबा. साबी सँड आणि क्रुगरमध्ये कुंपण नाही, पण साबी सँड खाजगी असल्यामुळे गाडी रस्ता सोडून झुडपात शिरू शकते. पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत माग काढणारा माणूस बसतो. बिबट्या बघायचा तर तिथंच.

जे अवघड होतं ते सगळं मी बरोबर केलं, हे मला इथं लिहायचंच आहे. अदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त पडत होतं, पण इथिओपिया आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. लसीचं कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टर ती लस जपूनच देतात. आप्पांसाठी मी आखाती मार्ग घेतला. जावयाच्या व्हिसावर दक्षिण आफ्रिकेचा एकच प्रवेश पडला, बाकीच्यांना अनेक. परतताना पुन्हा जोहान्सबर्ग लागत होतं. तेव्हा सगळी परतीची विमानं एकाच तिकिटावर घेतली, म्हणजे सामान थेट मुंबईला आणि जावई ट्रान्झिटच्या बाहेर पडायलाच नको. धाकट्या नातवासाठी कॅम्पच्या नियमाप्रमाणे स्वतंत्र जीप. थोरल्याची नवीकोरी मिलिटरी प्रिंटची पँट बॅगेतून काढायला लावली. लोकांना वाटतं, जंगलात तेच घालायचं. पण झिम्बाब्वे-बोत्सवानात लष्कराबाहेरच्या माणसानं तसले कपडे घालणं बेकायदा आहे. झिम्बाब्वेसाठी डॉलरच्या नोटा सुट्या आणि कोऱ्या, कारण तिथं मोड मिळत नाही.

चुकलं ते एका रकान्यात.

माउनहून कॅम्पला जायला रस्ता जवळजवळ नसतोच. सेस्ना कॅराव्हॅन नावाचं एका इंजिनाचं विमान बारा-तेरा माणसं घेऊन वाळूच्या धावपट्टीवर उतरतं. त्यासाठी प्रत्येकाचं कपड्यांसकट वजन आधी कळवावं लागतं. सामान माणशी वीस किलो, हातातली पिशवी धरून, आणि तेही मऊ बॅगेत. कडक कवचाची बॅग विमानाच्या पोटातल्या कप्प्यात शिरत नाही. शंभर किलोच्या वरच्या माणसासाठी शेजारची सीटही विकत घ्यावी लागते. यात अपमान काही नाही. कोण कुठं बसतं यावर विमानाचा तोल ठरतो. ऊन जितकं जास्त तितकी हवा विरळ आणि उचल कमी. माउन हजार मीटरच्या जवळपास उंचीवर, आणि ऑक्टोबरच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला.

हे सगळं सांगून मी मुलाला फॉर्म दिला. पुण्यात काही कामाला आला होता, माझ्यासमोर बसला होता. त्या वर्षी परदेशी सहलीवर ७ लाखांच्या पुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जायचा. तो कुणाच्या पॅनवर किती पडेल यावर त्यानं आणि त्याच्या सीएनं माझे तीन आठवडे खाल्ले होते. वजनाचा रकाना त्यानं एका मिनिटात संपवला. आप्पा बासष्ट. आई अठ्ठावन्न. बायको पासष्ट. जावई ऐंशी. मग स्वतःचं आलं तेव्हा तो मोबाइलकडे बघत म्हणाला, “पंच्याण्णव टाका, मॅडम.”

आमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांना हात आहेत. तो त्या खुर्चीत कसा बसला होता आणि उठताना खुर्ची कशी त्याच्याबरोबर उचलली गेली होती, हे मी पाहिलं होतं. मी पंच्याण्णव टाकलं.

जिन्यात फोनवर माउनची बाई होती, आमच्या तिकडच्या एजंटची. अगदी शांत. म्हणाली, तुमच्या यादीपेक्षा वजन अठ्ठावन्न किलोंनी जास्त भरतंय. मोठ्या साहेबांचं, म्हणजे मुलाचं, एकशे एकवीस, त्यांच्या पत्नीचं अठ्ठ्याहत्तर, जावयांचं अठ्ठ्याऐंशी, आणि सामान अकरा किलो जादा. ते अकरा किलो म्हणजे चकल्या, भाकरवडी, बेसनलाडू. दिवाळी होती ना. सामान मागे ठेवता येईल, पण साहेबांना दोन सीट लागतात आणि विमानात चार परके पाहुणेही आहेत. एकही सीट रिकामी नाही. आज दुसरं विमान नाही. धावपट्टीवर दिवे नसतात, अंधारात कुणी उडत नाही. एकाला थांबावं लागेल, दहा मिनिटांत सांगा.

मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वजनकाट्याचा पत्रा, त्याच्या कडेला मुलगा. गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा, चेहरा लाल. तो म्हणत होता, “यात कॅमेऱ्याचं पण आलंय.” सून जमिनीकडे बघत होती. जावई चार पावलं लांब उभं राहून विमानतळावरचा फलक वाचत होता. तो फलक शौचालयाचा होता. आपल्याकडे अशा वेळी जावई बोलत नसतो. काकू लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आणि आप्पा काट्याकडे बघत होते. आयुष्य मार्केट यार्डात काट्यापुढे गेलेला माणूस. लेकीला म्हणाले, “दोन रवे जास्त झाल्यात.” कोल्हापुरी गुळाचा मोठा रवा तीस किलोचा. अठ्ठावन्न म्हणजे दोन रव्यांना दोनच कमी. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, “मी बासष्ट. मी उतरलो की बसतंय सगळं. सीट बी मिळत्या.”

हिशोब बिनचूक होता. पण उतरायला हवं होतं मुलानं. तो उतरला असता तर दुसऱ्या सीटचा प्रश्नच नव्हता, इंग्रजी येत होतं, वय सेहेचाळीस. हे तिथं सगळ्यांना कळत होतं, आणि जिन्यात उभ्या असलेल्या मलाही. तो “मी थांबतो” म्हणेल म्हणून मी वाट बघितली. अर्धं मिनिट असेल. फोनवर अर्धं मिनिट फार मोठं असतं. तो म्हणाला, “आप्पा, तुम्हाला चालेल का?” लेक रडकुंडीला येऊन म्हणत होती, मी थांबते. तर आप्पांनी तिलाच दटावलं, की आईला कोण बघणार तिथं.

माझ्या हातात एक वाक्य होतं. “साहेब, तुम्ही थांबा.” ट्रिप माझी होती, माणसं माझ्या भरवशावर होती, मी म्हणाले असते तर त्याला नाही म्हणता आलं नसतं. मी माउनच्या बाईला म्हणाले, सीनिअर जंटलमन विल स्टे. काडेपेटी हातात दमट झाली होती.

पुढचं काम मला येतं तेवढं मी केलं. नदीकाठच्या बऱ्या हॉटेलात खोली, त्या बाईला त्यांच्या सोबत जेवायला बसायची विनंती, शाकाहारी काय मिळेल याची चौकशी, सकाळच्या पहिल्या विमानात सीट. रात्री दहाला, म्हणजे तिकडच्या साडेसहाला, आप्पांना फोन केला. म्हणाले, “मी मजेत हाय. तुम्ही फराळ करा.” मला फराळ गेला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. केला मी.

त्या रात्री काय झालं ते मला पंधरा दिवसांनी कळलं. आदल्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, बोत्सवानात निवडणूक झाली होती. माझ्या फाइलमध्ये त्याची नोंद “सार्वजनिक सुट्टी, दुकानं बंद” एवढीच. मतमोजणी चालू होती आणि हॉटेलच्या रिसेप्शनवर पोरं टीव्हीला चिकटली होती. बाजार समितीच्या सहा निवडणुका पाहिलेले आप्पा त्यांच्यात जाऊन बसले. भाषा नाही, तरी आकडे वाचता येत होते. कुणाचा रंग कुठला हे पोरांनी बोटांनी दाखवलं. १९६६ पासून, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यापासून, सत्तेत असलेला पक्ष पडत होता. सकाळी राष्ट्राध्यक्षांनी हार मान्य केली, तोवर आप्पा विमानात होते. हे ते मला रंगवून सांगत होते, आणि मी विचार करत होते की हे माझी समजूत घालतायत की खरंच. अजून ठरवता येत नाही. सगळ्या सहलीतलं बिबट्यांबद्दल ते एक वाक्य बोलले नाहीत.

मुलाचा मेल मात्र परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला. तीन पानी. वजनाचा नियम आम्हाला “पुरेशा गांभीर्यानं” सांगितला नाही, वडिलांना मनस्ताप झाला, एका रात्रीचे पैसे परत करा. कॅम्पच्या रात्री अशा परत मिळत नसतात. सरांनी मला विचारलं, “लेखी दिलं होतंस ना?” दिलं होतं, ठळक अक्षरांत. सर खूश झाले. आमच्या सरांचा जगण्याचा पाया ठळक अक्षरं हा आहे. त्यांनी पुढच्या सहलीवर पन्नास हजारांची सूट देऊन प्रकरण मिटवलं आणि वर मलाच सांगितलं की ऑफिसात वजनकाटा आणू. आणला. तो पाण्याच्या पिंपाशेजारी असतो. त्यावर आजवर एकच माणूस उभा राहिलाय, कुरिअरवाला, पार्सल घेऊन.

आप्पांना मी खरं सांगितलं. फोनवर, डिसेंबरात. म्हटलं, मला दिसत होतं आप्पा, मी तरी पंच्याण्णव लिहिलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुमच्या धंद्यात कडता नसतो का?” कडता म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या वजनातून व्यापारी जी काही किलो कापायचा ती कापणी, ओल, माती, पोत्याचं वजन अशा नावांखाली. त्यापायी यार्डात भांडणं व्हायची. “तुम्ही उलटा लावा,” म्हणाले, “सांगतील त्यावर चढवून धरा.” हसले. पोराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या. नवरा-बायको, पुढच्या जूनमध्ये ओकावांगो. वजनाच्या रकान्यापाशी त्या थांबल्या, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सहासष्ट धरा.” मी त्यांच्यासमोर सहासष्ट लिहिलं. चहा झाला, त्या गेल्या, जिन्यातला त्यांचा आवाज थांबेपर्यंत थांबले आणि मग खोडून ऐंशी केलं.