औषधांच्या यादीत नसलेली डबी

चौतीस वर्षांची शिक्षिका. तीन आठवड्यांपासून धडधड, हातांना कंप, रात्री पायांत गोळे. त्या दिवशी शाळेच्या जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या खाली बसल्या, तेव्हा नणंद त्यांना आमच्याकडे घेऊन आली. त्याआधी एका दवाखान्यात ‘टेन्शन आहे’ म्हणून झोपेची गोळी मिळाली होती. मळमळतंय म्हटल्यावर ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शनही दिलं होतं, पण ईसीजी काढला नव्हता. तरुण बाईने धडधड सांगितली की टेन्शनचा शिक्का मारून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्या व्यवसायात खोलवर रुजली आहे आणि मला तिची चीड येते. ईसीजीला पाच मिनिटं लागतात.

आमच्या मशीनने ईसीजीवर छापलं होतं : सायनस टॅकिकार्डिया, नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस, म्हणजे नाडी वेगात आणि काही मोघम बदल. या ओळीवर विसंबून पट्टी फाइलला लावली असती तर बाई घरी गेल्या असत्या. टी लहर (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होताना उमटते ती) जवळजवळ सपाट झाली होती आणि तिच्या पाठोपाठ छातीवरच्या व्ही२, व्ही३ लीडमध्ये ठळक यू लहर होती, पोटॅशियम उतरल्याची खूण. अशा पट्टीवर मशीन क्यूटी (एका ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ) कुठे संपवेल याचा भरवसा नाही, तो हातानेच मोजावा लागतो. त्यासाठी यू लहर सगळ्यांत कमी दिसते ती लीड निवडायची, बहुधा एव्हीएल. दोन ठोक्यांमध्ये बारा बारीक चौकोन होते, म्हणजे ४८० मिलिसेकंद आणि नाडी १२५. क्यूटी दहा चौकोन, म्हणजे ४००. क्यूटी नाडीच्या वेगानुसार दुरुस्त करावा लागतो, आणि इतक्या वेगवान नाडीला बॅझेटचं सूत्र आकडा फुगवतं, त्याने ५७७ आला असता. फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ५११ येतो. काहीही धरलं तरी ५०० च्या वर ठोके जीवघेणे बिघडण्याचा धोकाच. डीफिब्रिलेटरचे पॅड आधी चिकटवले, नाव-गाव नंतर लिहिलं. अर्ध्या तासात मॉनिटरवर सात-आठ वेड्यावाकड्या रुंद ठोक्यांची माळ उमटली आणि आपोआप थांबली. ऑन्डान्सेट्रॉन क्यूटी लांबवतं, हे एमबीबीएसला शिकवलेलं असतं, तरीही मळमळ म्हटलं की हात आधी त्याच अँप्युलकडे जातो.

रक्तातलं पोटॅशियम २.४ आलं, मॅग्नेशियम १.३, दोन्ही कमी. सलाइनमध्ये पोटॅशियम टाकण्याआधी लघवीचा नमुना बाजूला काढला, कारण उपचार सुरू झाल्यावर तो आकडा वाचता येत नाही. लघवीत पोटॅशियम ४८ आणि क्लोराइड ७० होतं. रक्तातलं बायकार्बोनेट ३३. आता उलट्यांनी पोटॅशियम उतरलं असतं तर लघवीतलं क्लोराइड २० च्या खाली असायला हवं होतं. जुलाबांनी उतरलं असतं तर मूत्रपिंडाने पोटॅशियम धरून ठेवलं असतं आणि बायकार्बोनेट असं चढलं नसतं. थायरॉइड वाढल्यामुळे पोटॅशियम पेशींत शिरून लुळेपणा येतो तो प्रकार वेगळा, त्यातही लघवीतलं पोटॅशियम कमीच असतं. इथे ते लघवीवाटे वाहून चाललं होतं, म्हणजे बहुधा कुठून तरी लघवी वाढवणारं औषध पोटात जात होतं.

पण औषध कुठलं? मी विचारलं, ज्युनियरने विचारलं. उत्तर ठरलेलं : “गोळ्या-बिळ्या काही नाहीत हो डॉक्टर.” मग आमच्या सिस्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “ताई, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं, ते क्रमाने सांगा.” कोमट पाणी, लिंबू, चहा, केसांसाठी बायोटिन, आणि “ती वजनाची हर्बल कॅप्सूल, नाश्त्याआधी दोन.” दोन महिन्यांत अकरा किलो उतरले होते. नणंदेने पर्समधून डबी काढली. हिरवं लेबल, पानाचं चित्र, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. निर्मितीचा परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवरही हे सगळं सक्तीचं असतं, हे विकत घेणाऱ्याला कुणी सांगतच नाही.

उपचाराचं थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. आधी मॅग्नेशियम : दोन ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांच्या द्रावणाचे चार मिली, शंभर मिली सलाइनमधून पंधरा मिनिटांत. मॅग्नेशियम कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम गळतच ठेवतं, वरून कितीही ओता. मग पोटॅशियम : दहा मिलीच्या एका अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, ते पाचशे मिली नॉर्मल सलाइनमध्ये नीट हलवून दोन तासांत. डेक्स्ट्रोजमध्ये नाही, कारण साखरेमुळे इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम आणखी उतरतं. बाटली हलवली नाही तर पोटॅशियम तळाशी राहून पहिल्या काही मिनिटांतच दाट जातं. मॉनिटरवर नजर ठेवून आम्ही दोन्ही हातांना अशा बाटल्या लावल्या. सलाइनमध्ये पातळ न करता थेट शिरेत पोटॅशियम कधीच द्यायचं नाही. सोबत पोटॅशियमचं सिरप, पंधरा मिलीत २०, पाण्यात मिसळून.

खरा पेच नाडीचा होता. ज्युनियर नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल भरून उभा होता. थायरॉइडचा संशय आणि १२५ ची नाडी, म्हणजे विचार चुकीचा नव्हता. पण औषधाने लांबलेल्या क्यूटीत तसल्या ठोक्यांची माळ बहुधा एखाद्या लांब थांब्यानंतर सुरू होते. नाडी वेगात असेल तर क्यूटी आखडलेला राहतो. शिवाय शरीरातलं पाणी उतरलेलं, रक्तदाब ९६. म्हणून आधी पोटॅशियम, नाडी नंतर, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटॅशियम ४.२ झालं, क्यूटी आखडला, तेव्हाच प्रोप्रॅनोलॉल (तेही नाडी मंदावणारंच) छोट्या मात्रेत सुरू केलं. ज्या वेगाची त्यांना भीती वाटत होती त्यानेच त्यांना त्या रात्री सांभाळलं का, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच (ग्रंथीला चालना देणारं हॉर्मोन) ०.०१ च्या खाली आला, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) वाढलेला. यावर लगेच ग्रंथीचं हॉर्मोन बनवणं रोखणारं कार्बिमाझोल लिहिलं जातं. पण बायोटिनच्या मोठ्या मात्रेने अनेक प्रयोगशाळांच्या मशीनमध्ये टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. बायोटिन तीन दिवस बंद ठेवून पुन्हा तपासलं, आकडे तसेच. थायरोग्लोब्युलिन (थायरॉइड ग्रंथीच बनवते ते प्रथिन) मात्र अगदी कमी होतं. ग्रंथी स्वतः जास्त हॉर्मोन बनवत असती तर ते वाढलं असतं. म्हणजे हॉर्मोन बाहेरून, बहुधा त्याच डबीतून, येत होतं आणि तिथे कार्बिमाझोलचा काहीच उपयोग नव्हता.

ही मिसळ जुनीच आहे. थायरॉइड हॉर्मोन, डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध), जुलाबाचं औषध, भूक मारणारं उत्तेजक अँफेटामिन एकत्र करून रंगीबेरंगी गोळ्या अमेरिकेत १९६० च्या दशकात सर्रास विकल्या जात. वजन उतरवणारं फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा जाड करतं हे कळल्यावर ते १९९७ मध्ये तिथल्या बाजारातून गेलं. वजनाच्याच सिब्युट्रामिन या औषधाने हृदयरोग्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढतात हे दिसल्यावर २०१० मध्ये तिथे ते मागे घेतलं गेलं आणि २०११ मध्ये भारतात बंदी आली. तरीही ‘हर्बल’ डब्यांमध्ये ते आजही सापडतं.

या केसची बातमी गावात पसरली ती ‘वजनाच्या औषधांनी हार्ट जातं’ अशी. एका सहकाऱ्यानेही व्हॉट्सॲपवर तेच लिहिलं, याचं मला वाईट वाटलं. वजनासाठीच्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या सिलेक्ट चाचणीत (२०२३) आधीच हृदयविकार असलेले १७,६०४ लोक होते, आणि त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयमृत्यू मिळून वीस टक्के कमी झाले. ते इंजेक्शनही नाडी थोडी वाढवतं. उलट्या लांबल्या, त्यात बीपीसाठी डाययुरेटिक चालू असेल, तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायलाच हवं. पण त्या कुपीत काय आहे आणि किती आहे, हे माहीत असतं. या डबीत काय होतं, ते अजून मला ठामपणे सांगता येत नाही. उरलेल्या कॅप्सूल सीलबंद करून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिल्या, औषध दुष्परिणामाचा फॉर्म भरला (१८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो), आणि अहवालाची वाट पाहतो आहे.

बाई सहाव्या दिवशी घरी गेल्या. निघताना नणंद हळूच म्हणाली की डबी त्यांच्या भिशीतून आली आहे आणि आणखी चौघी तीच घेतात. दोघी दुसऱ्या दिवशी ईसीजी आणि पोटॅशियमसाठी आल्या, एकीचं ३.१ निघालं. उरलेल्या दोघी आलेल्या नाहीत. सिस्टर त्यांना फोन करत आहेत.