जुनं ब्रिटिश व्यंगचित्र कसं वाचावं: आधी छपाई, मग विनोद

चित्र हातात आलं की नजर आधी तळाशी न्यायची. अठराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या ब्रिटिश व्यंगचित्रांखाली, चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरांत एक ओळ असते: अमुक तारखेला, अमुक माणसाने, अमुक रस्त्यावरच्या दुकानात प्रसिद्ध केलं. ही ओळ शोभेची नाही. विल्यम होगार्थ आणि त्याच्या बरोबरीच्या कोरक्यांचं चित्र बाजारात आलं रे आलं की लोक नक्कल काढून स्वस्तात विकायचे. त्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली, १७३५ साली कायदा झाला आणि चित्राला १४ वर्षांचं संरक्षण मिळालं. १७६७ साली ते २८ वर्षांवर गेलं. अट अशी की मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावरच कोरलेली हवी. त्याचा फायदा आज आपल्याला होतो. चित्र कोणत्या दिवसाचं ते कळतं, आणि त्या आठवड्यात पार्लमेंटात काय चाललं होतं याच्याशी ते ताडून पाहता येतं.

या धंद्यातला सगळ्यात तिखट हात जेम्स गिलरेचा (१७५६–१८१५). हॅना हम्फ्री या बाईंचं चित्रांचं दुकान लंडनमध्ये सेंट जेम्सेस स्ट्रीटवर होतं, आणि गिलरे त्याच घरात वरच्या मजल्यावर राहून काम करायचा. त्याची पद्धत एचिंगची. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण आणि डांबर-राळेचा पातळ थर द्यायचा, तो धुरावर काळा करायचा आणि सुईने ओरखडत चित्र काढायचं. सुई जिथून जाते तिथे तांबं उघडं पडतं. पत्रा नायट्रिक आम्लात ठेवला की आम्ल तेवढ्याच रेषा खातं. फिकट रेष हवी असेल तर पत्रा लवकर बाहेर काढून त्या भागावर वॉर्निश फिरवायचं आणि उरलेलं पुन्हा आम्लात सोडायचं. वेळ चुकला की शेजारशेजारच्या रेषा एकमेकींत फुटतात आणि सावलीच्या जागी काळा डाग होतो. थराला बारीक चीर असली तर नको तिथे ठिपके उठतात. शिवाय छपाईत डावं-उजवं उलटतं, म्हणजे सगळा मजकूर पत्र्यावर उलटा लिहावा लागतो. गिलरेच्या चित्रांतले संवादांचे फुगे अक्षरांनी गच्च भरलेले असतात, आणि ती सगळी अक्षरं त्याने उलटी लिहिलेली आहेत.

रंग मात्र छापलेले नसत. दुकानात बसवलेले रंगारी एकेक प्रत जलरंगाने रंगवत. त्यामुळे एका प्रतीत कोट निळा तर दुसरीत हिरवा असं सर्रास दिसतं. रंगावरून राजकीय अर्थ काढायचा मोह होतो, पण त्याआधी आणखी दोन-तीन प्रती पाहाव्यात. अपवाद पिटचा विरोधक, पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स याच्या निळ्या कोटाचा आणि फिकट पिवळ्या वेस्टकोटाचा. ते त्याच्या गटाचे ठरलेले रंग होते. साधी प्रत साधारण एक शिलिंगाला, रंगवलेली दोनला. मजुराच्या खिशाला ही किंमत झेपणारी नव्हती. तो दुकानाच्या खिडकीपुढे उभा राहून फुकट बघायचा. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा विक्रेता तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा. चीपसाइडचा थॉमस टेग यांच्याहून स्वस्त विकायचा, आणि ते त्याच्या कागदावरून आणि रंगकामावरून कळतंही.

एक चित्र जवळून पाहू. ‘द प्लम-पुडिंग इन डेंजर’, २६ फेब्रुवारी १८०५. टेबलावर पृथ्वीचा गोल पुडिंग म्हणून वाढलाय. डावीकडे उंच, काटकुळा पंतप्रधान पिट, उजवीकडे बुटका नेपोलियन. पिट बसल्या जागी अटलांटिक महासागराची भलीमोठी फोड कापतोय. त्याचा काटा त्रिशूळाच्या आकाराचा, म्हणजे समुद्रावरची सत्ता. नेपोलियनला हात पुरवण्यासाठी खुर्चीतून उठावं लागलंय, आणि तो तलवारीने युरोपचा तुकडा तोडतोय. त्याच्या तुकड्यात फ्रान्स, स्पेन, इटली आहेत. रशिया आणि स्वीडन नाहीत. त्या जानेवारीत नेपोलियनने इंग्लंडच्या राजाकडे तहाचा प्रस्ताव धाडला होता, हे ठाऊक असलं की ही मेजवानी कसली ते उमगतं. नीट पाहिलं तर इथे पिटचीही गय केलेली नाही. तोही खादाडच आहे. आणि हे त्या चित्रकाराचं काम, ज्याला १७९७ पासून काही वर्षं पिटच्याच सरकारकडून सालाना २०० पौंड मिळत होते. पैसे घेऊन गप्प बसणं निराळं, पैसे घेऊन चिमटा काढणं निराळं. पुढच्या पिढीतला व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँक याला १८२० साली १०० पौंड मिळाले ते पहिल्या प्रकारचे: राजाला अनैतिक प्रसंगात रंगवणार नाही या बोलीवर.

त्याच पुडिंगच्या शीर्षकाखाली एक नाव ‘मि. डब्ल्यू-डी-एम’ असं छापलंय. हा राजकारणी विल्यम विंडहॅम. मधली अक्षरं गाळायची ही पद्धत अब्रूनुकसानीच्या दाव्यापासून आडोसा म्हणून आली आणि पुढे वाचकांसाठी कोडं म्हणून टिकली. म्हणून माणसं ओळखायची ती खुणांवरून. दाट काळ्या भुवया आणि वाढलेली दाढी म्हणजे फॉक्स. चष्मा आणि जेझुइट पाद्र्याची टोपी म्हणजे खासदार एडमंड बर्क. लाल नाक खासदार आणि नाटककार शेरिडनचं. शहामृगाची तीन पिसं दिसली की प्रिन्स ऑफ वेल्स जवळपास आहे. नुसता लांब बूट दिसला तर तो माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूट. त्याच्या नावावरची कोटी आहे ती. ईस्ट इंडिया कंपनीवरच्या चित्रांतही हीच मंडळी भेटतात. जेम्स सेयर्सने १७८३ साली फॉक्सला हत्तीवर बसवून कंपनीच्या कचेरीकडे वाजतगाजत नेलं, त्या हत्तीला तोंड फॉक्सचा सरकारातला भागीदार लॉर्ड नॉर्थ याचं आहे. गिलरेने १७८६ साली वॉरन हेस्टिंग्जला उंटावर बसवून त्याच्यावर बर्क, नॉर्थ आणि फॉक्स यांना दरोडेखोर म्हणून सोडलं.

आता अस्सल-नक्कल. दहा पटीचं भिंग आणि बाजूने तिरपा पाडता येईल असा दिवा, एवढ्यावर बरंच काम भागतं. तांब्याचा पत्रा दाबाखाली ओल्या कागदावर छापतात, त्यामुळे पत्र्याच्या कडांचा दबलेला आयत चित्राभोवती उमटतो आणि शाईची रेष कागदावर किंचित उंच उभी राहते. तिरप्या प्रकाशात ती दिसते. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांच्या फुलासारख्या रचना दिसल्या तर ती विसाव्या शतकातली आधुनिक यंत्रछपाईची (ऑफसेट) प्रत, पुढे बोलायचं कारण नाही. दबलेला आयत नसला म्हणजे लगेच नकली, असं मात्र नव्हे. जुन्या हौशी लोकांनी वहीत किंवा पडद्यावर चिकटवण्यासाठी कडा कापलेल्या असतात. प्रत खरीच राहते, किंमत उतरते.

जास्त गोंधळ होतो तो खऱ्या पत्र्यावरून उशिरा काढलेल्या प्रतींत. हेन्री बोन या प्रकाशकाने गिलरेचे पत्रे मिळवून १८४० च्या दशकाच्या शेवटी आणि १८५० च्या सुरुवातीला ते पुन्हा छापले. रेष गिलरेचीच, तारीखही जुनीच. पण कागद जाड, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना छपाई, वरच्या कोपऱ्यात आकडा, आणि रंग नाही. कोणी नंतर रंगवून ‘त्या काळची रंगीत प्रत’ म्हणून खपवली असेल तर आधी पाठ पाहावी. कागद उजेडासमोर धरावा. १७९४ पासून इंग्लिश कागदात जलचिन्हाबरोबर साल घालायची पद्धत पडली, जसं व्हॉटमनच्या कागदात. चित्रावर १७९२ आणि कागदात १८१३ असेल तर कोड्याचं उत्तर मिळालंच. नोंद जुळवायची असेल तर ब्रिटिश म्युझियमची ११ खंडांची सूची आहे. १८३२ पर्यंतची १७ हजारांहून अधिक चित्रं त्यात क्रमांकासह आहेत. पुडिंगचा क्रमांक १०३७१.

१८४१ साली ‘पंच’ साप्ताहिक निघालं आणि तांब्याची जागा लाकडाने घेतली. कारण साधं आहे. एचिंगमध्ये शाई खोलगट रेषेत असते, अक्षरांच्या खिळ्यांत ती उंचवट्यावर असते, म्हणून दोन्ही एका दाबात छापता येत नाहीत. बॉक्सवुडच्या आडव्या कापावर कोरलेला ठोकळा अक्षरांसोबत बसतो. ओळखायचं ते एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळीवरून. एचिंगमध्ये ती जाळी हाताच्या दोन फटकाऱ्यांत होते. लाकडात काळी रेष उभी ठेवून मधलं प्रत्येक बारीक चौकोनी भोक खोदून काढावं लागतं, आणि भिंगाखाली ती पांढरी भोकं कमीजास्त आकाराची दिसतात. बॉक्सवुडचं झाड बारीक, म्हणून मोठा ठोकळा लहान तुकडे बोल्टने जोडून करत. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. जोड घट्ट बसला नाही तर छापील चित्रात केसाएवढी सरळ पांढरी फट राहते. विकणारा तिला घडीची खूण म्हणत असेल तर त्याला ते खुशाल म्हणू द्यावं.

जॉन टेनिएल ‘पंच’मध्ये पन्नासेक वर्षं काढत राहिला. बुधवारी रात्री संपादक मंडळी जेवायला बसत आणि तिथे मोठ्या चित्राचा विषय ठरे. टेनिएल गुरुवारी कच्चं रेखाटन करायचा, शुक्रवारी दिवसभर ठोकळ्यावर चित्र काढायचा, आणि संध्याकाळी जोसेफ स्वेनच्या कारखान्यातला पोऱ्या तो घेऊन जायचा. कोपऱ्यात टेनिएलची जोडाक्षरी सही आणि दुसऱ्या बाजूला ‘स्वेन’ असं दिसतं ते यामुळे. म्हणजे विषय ठरल्यावर अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंत बरेच दिवस जात, आणि बातमी तेवढ्यात उलटू शकत होती. सगळ्यात जिव्हारी लागलेली फजिती फेब्रुवारी १८८५ ची. सुदानात खार्तूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनला सोडवायला फौज पोचणार या भरवशावर ७ तारखेच्या अंकात ‘अखेर!’ अशा मथळ्याचं भेटीचं चित्र गेलं. खार्तूम २६ जानेवारीलाच पडलं होतं. लंडनला ते ५ फेब्रुवारीला कळलं. पुढच्या अंकात ‘फार उशीर!’ हे चित्र काढावं लागलं. टेनिएलचं सगळ्यात गाजलेलं काम, जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क जहाजाची शिडी उतरतोय आणि वरून तरुण कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, बघतोय, हे २९ मार्च १८९० चं. बिस्मार्कचा राजीनामा १८ मार्चचा. तिथे बातमी बदलण्यासारखी नव्हती.

‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकाची रंगीत व्यक्तिचित्रं (१८६९ ते १९१४) दगडावरून अनेक रंगांत छापलेली. ‘एप’ आणि ‘स्पाय’ या सह्या म्हणजे कार्लो पेलेग्रिनी आणि लेस्ली वॉर्ड. सुरुवातीची बोचरी, नंतरची खुशामती. भिंतीवर छान दिसतात. व्यंग म्हणून माझ्या लेखी फारसं वजन नाही.

दैनिकांत व्यंगचित्र आलं तेव्हा वेग बदलला. डेव्हिड लो ‘इव्हनिंग स्टँडर्ड’साठी काढायचा. रशियन फौजा पोलंडमध्ये शिरल्या १७ सप्टेंबर १९३९ ला, आणि हिटलर-स्टालिन एका प्रेतावरून एकमेकांना वाकून नमस्कार करताहेत हे त्याचं चित्र २० तारखेला छापून आलं. वेग वाढला तसा दुसरा धोकाही आला: चित्र आणि ओळ यांचा मेळ तपासायला वेळ राहीना. मार्च १९४२ मध्ये फिलिप झेकने ‘डेली मिरर’मध्ये बुडालेल्या जहाजाचा एक खलाशी तराफ्याला धरून पडलेला दाखवला. म्हणणं असं की तेल जपून वापरा, ते माणसांच्या जिवावर येतं. सहकाऱ्याने ओळ बदलून अशी केली: पेट्रोलचा दर एक पेनीने वाढला, अधिकृत. चर्चिल सरकारने अर्थ लावला की खलाशी नफेखोरांसाठी मरताहेत असं चित्र सुचवतंय, आणि वृत्तपत्र बंद करण्याची तंबी दिली.

जपणुकीबद्दल थोडं. चिकटपट्टी कधीच नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने वरच्या कडेलाच लावाव्यात, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. काच चित्राला टेकू नये, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी. प्रकाश ५० लक्सच्या आसपास. हाताने रंगवलेली प्रत घरी धुवायच्या भानगडीत पडू नये. पाठीवर हिरव्या भागाच्या मागे तपकिरी सावली दिसली तर तांबंयुक्त हिरवा रंग कागद खातोय. ते काम जाणकाराचं.

पुनर्मुद्रण करायचं असेल तर ब्रिटनमध्ये चित्राचा हक्क (कॉपीराइट) कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, तीही त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मोजतात. गिलरे, टेनिएल (१९१४) आणि व्यंगचित्रकार विल्यम हीथ रॉबिन्सन (१९४४) मोकळे आहेत. लो १९६३ साली गेला, म्हणून त्याचा हक्क २०३३ संपेपर्यंत. झेक १९८३ साली गेला, त्याचा २०५३ संपेपर्यंत.