सोमवार बंद, शुक्रवार बंद

परवा नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात सहा जणांचं कुटुंब आलं. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं. डिसेंबरात आठवडाभर दिल्ली, शेवटी आग्रा. कार्यक्रम वहीच्या पानावर लिहूनच आणला होता: रविवारी चांदणी चौकात खरेदी; सोमवारी लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम; शुक्रवारी ताज. ठरवून करू म्हटलं तरी असं जमलं नसतं. चांदणी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, सोमवारी ती तिन्ही ठिकाणं बंद आणि शुक्रवारी ताज बंद.

पण आधी तिकीट. रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. "भाऊ, साठ दिवस उद्या होतात न, उद्याच काढू," मुलगा म्हणाला. त्यांना तमिळनाडू एक्स्प्रेस हवी होती. ती चेन्नईहून रात्री निघते आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी दुपारी येते. साठ दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून, त्यामुळे नागपूरकरांसाठी तिचं बुकिंग एक दिवस आधीच उघडतं. म्हणजे त्याच दिवशी सकाळी आठला उघडलं होतं, आणि आता अकरा वाजत होते. तत्काळचंही गणित तेच. तेलंगणा एक्स्प्रेस हैदराबादहून सकाळी निघून त्याच दिवशी इथे येते, म्हणून तिला हा घोळ नाही.

थर्ड एसीत जागा शिल्लक होती. सहाही नावं एकाच तिकिटावर घातली असती तर आजींना लोअर बर्थ नशिबावर मिळाला असता. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एका तिकिटावर दोघांपर्यंतच चालतो, सोबत तरुण प्रवासी जोडले की तो लागत नाही. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढलं. डबा वेगळा आला, पण दोघांनाही खालचा बर्थ मिळाला. सुनेला ते फारसं रुचलं नाही. आजींना मात्र चालणार होतं.

मग वार लावायला घेतले. माझा शिरस्ता असा की आधी बंदचे वार खोडायचे, मग उरलेल्यात ठिकाणं बसवायची. डिसेंबरात धुक्याने गाड्या तासन्‌तास लेट होतात, म्हणून रविवारची सकाळ कोरी ठेवली. वेळेत पोचले तर संध्याकाळी इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. सोमवारी रोज उघडी असणारी ठिकाणं घेतली, कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा. परतताना आयएनए भागातला हस्तकलेचा बाजार, दिल्ली हाट. हा एक दिवस टॅक्सीचा.

बाकी दिवस मेट्रो. हॉटेल करोल बागेत घ्यायला लावलं, कारण तिथली ब्लू लाइन थेट अक्षरधामला जाते. लाल किल्ल्यासाठी बहुतेक जण राजीव चौकात गाडी बदलतात. संध्याकाळी तिथल्या रेट्यात आजींचे गुडघे टिकले नसते. मंडी हाउसला व्हायोलेट लाइन धरली की लाल किला स्टेशन, आणि उलट दिशेने लोटस टेंपलसाठी कालकाजी मंदिर. मंगळवारी किल्ला आणि चांदणी चौक. तिथल्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी असते, सायकल रिक्षाच करावी लागते. जामा मशिदीला तीसच्या वर पायऱ्या आहेत. आजींना खालीच बसवा म्हणून सांगितलं.

बुधवारी सकाळी लोटस टेंपल, दुपारनंतर अक्षरधाम. आत मोबाइल, कॅमेरा, बॅग काहीच चालत नाही. सहाही फोन क्लोकरूममध्ये जाणार. कोण कुठे थांबणार हे बाहेरच ठरवा, नाहीतर संध्याकाळच्या कारंज्यांच्या गर्दीत नातवंडं शोधत बसाल. गुरुवारी तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, मग सरोजिनी नगर, तोही बाजार सोमवारी बंद. शुक्रवार आरामाचा. आजोबांना रेल्वे म्युझियम हवं होतं, ते तिथे घातलं.

ताज शनिवारी. सकाळी निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेस, आग्रा कँटला शंभरेक मिनिटांत. शुक्रवारी ती गाडीही नसते. संध्याकाळी दिल्लीला परतायचंच नाही. नागपूरकडे येणारी तेलंगणा आग्र्यालाच पकडायची, येताना तिकीटही आग्र्यापासूनचंच. दिल्लीतली एक रात्र आणि एक फेरी वाचली.

सामान दिवसभर कँटच्या क्लोकरूममध्ये. आजींनी हातातली कापडी पिशवी पुढे केली, "हे ठेवतील न जी?" नाही ठेवत. कुलूप नसलेलं सामान ते घेत नाहीत. सीताबर्डीवरून चेनची बॅग आणि एक लहान कुलूप घ्या म्हणून सांगितलं.