नाताळातली पायपीट : क्रूस क्र. 48 ते 62

मुंबईतले रस्त्याकडेचे क्रूस पायी शोधून नोंदवायची माझी वही नोव्हेंबरात 47 वर अडकली होती. नव्या मंडळींसाठी नियम पुन्हा सांगते. क्रूस मुंबईत, रस्त्यावर किंवा गल्लीत उभा हवा; चर्चच्या आवारातला आणि दफनभूमीतला धरायचा नाही. स्टेशनावर उतरलं की पुढे रिक्षा-बस बंद, फक्त पाय. आणि चौथऱ्यावरचं साल स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं तर शाईने नोंद, नाहीतर पेन्सिलीने. पेन्सिलीच्या नोंदी 11 झाल्या होत्या, त्याच जास्त छळत होत्या.

यंदा नाताळाची सलग सुट्टी मिळाली आणि ठरवलं की उजेडात फिरायचंच नाही. एरवी हे क्रूस दिसतच नाहीत. पुढ्यात स्कूटर, पाठीमागे नव्या बांधकामाचे पत्रे, वर कुणाच्या तरी केबलींचं जंजाळ. नाताळात मात्र गल्लीतली पोरं रंगाचा हात मारतात, झेंडूच्या आणि दिव्यांच्या माळा चढवतात. मग सातनंतर नाक्यावरूनच कळतं, आत काहीतरी आहे.

24 डिसेंबर. धोबीतलाव ते गिरगाव. मेट्रो सिनेमासमोर डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे, तिथून निघाले. 1896 मध्ये मांडवीत पसरतोय तो प्लेग आहे, हे या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं. आपल्या वहीतले बरेच क्रूस त्या साथीनंतरचे आहेत. वस्ती वाचावी किंवा वाचली म्हणून उभारलेले. त्यामुळे डॉक्टरांना न भेटता पुढे जाणं बरं वाटेना. खोताच्या वाडीत सेल्फीवाल्यांची एवढी गर्दी की लाकडी जिन्यांकडे नुसती नजर टाकून सटकले. आजूबाजूच्या गल्ल्यांत तीन नोंदी झाल्या.

25 डिसेंबर. संध्याकाळी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून सुरुवात, कारण ते 1718 च्या नाताळच्या दिवशीच उघडलं. (चर्चगेट म्हणजे किल्ल्याचा या चर्चच्या बाजूचा दरवाजा. दरवाजा गेला, नाव लोकलच्या पाटीवर राहिलं.) तिथून चालत माझगाव. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावरची बाग जोसेफ बाप्टिस्टांच्या नावाची आहे. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा इथल्याच म्हातारपाखाडी या जुन्या वस्तीतले, 1925 मध्ये मुंबईचे महापौर. म्हातारपाखाडीत शिरलं की मागचा ट्रकांचा आवाज एकदम विझतो. दारादारांत कागदी चांदण्या, ओट्यावर पत्त्यांचा डाव, कुणीतरी गिटार लावतंय आणि ती काही लागत नाहीये. इथे तीन मिळाले. पुढे भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चपर्यंत गेले, पण तोवर डाव्या बुटाचा तळ पुढून उघडला होता. फट्-फट् करत भायखळा स्टेशन गाठलं.

26 डिसेंबर. वांद्रं. आदल्या दोन रात्री हिल रोडवर मुंगीला जागा नव्हती म्हणे, म्हणून पहाटे पाचला पोचले. दिवे चालू, माणसं झोपलेली. चपला घातल्या होत्या, ती चूक.

वांद्र्याच्या रणवार या जुन्या वस्तीत माझी पेन्सिलीतली एक नोंद आहे. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा चौथरा म्हणजे ऑइलपेंटचा गुळगुळीत ठोकळा. या खेपेला कुणीतरी दिव्यांची माळ चौथऱ्याच्या कडेने, अगदी दगडाला चिकटून सोडली होती. उजेड आडवा पडला आणि रंगाच्या थरांखालची अक्षरं सावल्या टाकत वर आली. आधी एक 8, मग त्याशेजारचा 9. उकिडवी बसून, मोबाइलचा टॉर्च दगडाला टेकवून इंच इंच सरकवला: 1898. तेव्हा मंडळींनो, टॉर्च समोरून मारू नका, त्याने अक्षर सपाट होतं. दगडाला गाल लावल्यासारखा बाजूने धरा.

"नवस बोलायला आलीस काय गो?" मागून आवाज. गाऊनवर स्वेटर घातलेली आजी दुधाची पिशवी घेऊन उभी. मी साल वाचतेय म्हटल्यावर म्हणाली, "ते माझ्या सासऱ्याला विचारायचं होतंस." मग आत जाऊन मूठभर कलकल, म्हणजे नाताळचा गोड फराळ, कागदात बांधून आणले. काट्याच्या पाठीवर वळलेले, एकेकावर चार रेघा. तिच्याशी बोलायला इंग्रजी-हिंदी काही लागलं नाही. आजी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातली; हे नाव या समाजाने 1887 मध्ये घेतलं. घरातली बोली मराठीच.

27 ला वांद्र्यातल्याच चिंबई आणि पाली. नोंदी भराभर झाल्या, विशेष काही नाही. सुक्या मासळीच्या वासात कलकल खाऊ नयेत एवढंच.

रात्री फोटो लावताना घोटाळा सापडला. 39 आणि 58 हा एकच क्रूस! मार्चमध्ये तो निळा होता आणि मी वरच्या गल्लीतून आले होते. आता पांढरा आहे आणि मी खालून आले. वरच्या हाताचा टवका दोन्ही फोटोंत जसाच्या तसा. 58 खोडला, पुढचे आकडे एकेकाने मागे आणले. एकूण 62, पेन्सिलीत उरले 7.

तीन राजांचा सण 6 जानेवारीला, तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी दिवे राहतात. नवा बूट उद्या आणते. शनिवारी संध्याकाळी कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावात. कुणी येणार असाल तर एक बारीक चार्जिंगचा टॉर्च आणा, माझ्या मोबाइलची बॅटरी दोन चौथऱ्यांत बसते.